वलगावच्या गोलकीपरचा डावा गुडघा

मी एकतीस वर्षं लोकांचे गुडघे वाकवले. खांदे, कंबरा, माना, मोडून जुळलेली मनगटं हेही केलं, पण अमरावतीत माझी ओळख ‘गुडघ्यावाल्या मॅडम’ हीच. राजापेठेतला दवाखाना बंद करून दोन वर्षं झाली. पाटी एका दिवसात उतरली, ओळख काही उतरत नाही. भाजी घ्यायला उभी राहिले की अजूनही एखादी बाई पिशवी खाली ठेवून विचारते, "मॅडम, हे इथं दुखून राह्यलं, काय करू?" मी सांगते. ती नीट ऐकते. करत मात्र नाही.

आमच्या धंद्याचं सगळं दुखणं हे एवढंच. बाहेरच्या माणसाला फिजिओथेरपी म्हणजे शेक आणि मालिश वाटतं. तसं ते नसतं. ऑपरेशन करणारा डॉक्टर तुटलेलं जोडून देतो. जोडलेल्या त्या भागाला पुन्हा काम करायला शिकवायचं, हे आमचं काम. आणि ते काम मी करायचं नसतं, पेशंटनं करायचं असतं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायची. वीस वेळा. दिवसातून तीनदा. औषध ते एवढंच. इतकं स्वस्त आणि इतकं कंटाळवाणं औषध माणसाला पटत नाही. तहसील कचेरीतले एक निवृत्त गृहस्थ मला म्हणाले होते, "मॅडम, तुम्हीच दाबून द्या ना, मी पैसे देतो की." एक हेडमास्तर व्यायामाचा तक्ता रोज भरून आणायचे. सगळ्या आठवड्याच्या खुणा एकाच पेनानं, एकाच तिरक्या हातानं केलेल्या. मी विचारलं, "सर, उद्याचीही खूण आजच?" तर म्हणाले, "उद्या करणारच आहे ना." आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासलेला माणूस.

अशा माणसांवर मी एकतीस वर्षं चिडले. पण मला सगळ्यात जास्त छळलं ते व्यायाम न करणाऱ्यांनी नाही. ज्यानं छळलं, तो सांगितल्याच्या तिप्पट करायचा.

त्याचं नाव नितीन भुयार. वलगावचा. घरची फुलशेती, झेंडू, शेवंती, बांधाच्या कडेला थोडा निशिगंध. दवाखाना बंद करायच्या आधीच्या वर्षी, जूनमध्ये, तो माझ्यासमोर येऊन बसला. पस्तिशीला टेकलेला उंच माणूस, कपाळ मागे सरकलेलं, हात लांब. मी त्याला ओळखलं नाही. चेहरे मी विसरते. त्यानं पँट वर केली आणि डाव्या गुडघ्यावरची टाक्यांची रेघ दिसली, तेव्हा ओळख पटली.

"तू आधी आला होतास."

"होय मॅडम. बारा वर्षं झाले. तवा माहा बाप होता संगं."

"आता काय झालं? दुखतंय?"

"नाई. दुखत काईच नाई. मले ट्रायल द्याची हाये."

मला वाटलं पोलीस भरती. म्हटलं, तुझं वय गेलं त्याचं. तो म्हणाला, पोलीस नाही, फुटबॉल. विदर्भात एक नवा क्लब निघाला होता. देशातल्या व्यावसायिक लीगच्या अगदी खालच्या पायरीवर खेळणारा, पण व्यावसायिक. खेळाडूंना पगार, राहायला जागा, अंगावर क्लबचा शर्ट. जानेवारीत अकोल्याला त्यांची खुली निवड चाचणी होती. वयाची अट छापलेली नव्हती. बहुधा पस्तिशीचा कोणी येईल हे छापणाऱ्याच्या डोक्यातच आलं नसावं.

मी हसले. हसायला नको होतं, पण हसले. त्यानं माझं हसू संपू दिलं आणि म्हणाला, "मॅडम, तुमीच म्हटलं होतं, फुटबॉल विसर. मी बारा वर्षं विसरून पाह्यलं. नाई जमलं."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. दिलेली गोळी लागू पडली नाही, हे सांगायला आलेला पेशंट जसा बोलतो तसा तो बोलत होता.

जुन्या फायली मी ठेवत असे. त्या दिवशी दुपारी त्याची फाइल काढली. बावीस वर्षांचा होता. विद्यापीठाच्या संघाचा गोलकीपर. गोव्याच्या एका क्लबनं त्याला एका सीझनसाठी बोलावलं होतं. जायला महिना उरला असताना एका सामन्यात उंच उडी मारून चेंडू पकडला, खाली येताना डावा पाय आतल्या बाजूला वळला आणि गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारी चिवट दोरी. नागपूरला ऑपरेशन झालं, आणि पुढचे चार महिने तो माझ्याकडे येत होता. फाइलमध्ये सगळी मापं होती, गुडघा किती वाकतो, मांडीचा घेर किती. जे माझ्या अक्षरात नव्हतं ते मला आता आठवलं. संध्याकाळची वेळ, बाहेर दहा माणसं बसलेली, लाइट गेलेली. त्याच्या वडलांनी विचारलं, "मॅडम, याले वावरात खाली बसता येईन का?" आणि मी पुढच्या पेशंटची फाइल उघडता उघडता म्हटलं, "बसता येईल. फुटबॉल मात्र विसर आता."

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी असं कुठंही लिहिलं नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं, नऊ महिन्यांनी पुन्हा तपासून ठरवावे. वाक्य माझं होतं, आणि मी ते का बोलले हे मला आजही नीट सांगता येत नाही. मला घाई होती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा मी त्याला सरळ सांगितलं. "नितीन, तेव्हा ते सांगायचा मला अधिकार नव्हता. माझं चुकलं."

"जाऊ द्या मॅडम," तो म्हणाला. "तुमी नसतं म्हटलं तं माहा बाप होताच म्हनाले. कवापासून चालू कराचं?"

रात्रभर मनात घोळवलेली माफी त्यानं अशी दप्तर बाजूला सरकवावं तशी सरकवली. तो माझ्याशी पुढचे सात महिने असाच वागला.

मी त्याला तपासलं. डावी मांडी उजवीपेक्षा दोन सेंटिमीटर बारीक. बारा वर्षं त्यानं नकळत सगळा भार उजव्या पायावर घेतला होता. एका पायावर उडी मारायला लावली. उजव्या पायानं तो जिथं पोचला त्याच्या बराच अलीकडे डाव्यानं थांबला. गोलकीपरचं काम लोकांना हाताचं वाटतं, खरं ते पायाचं असतं. एका पायावरून उडायचं, हवेत वळायचं, आणि बहुतेक वेळा एकाच पायावर उतरायचं, तेही आपल्याकडच्या टणक मैदानावर. उतरताना गुडघा आत वळला की संपलं. मी त्याला समजावलं की दोरी पुन्हा तुटली तर फुटबॉल राहू दे, वावरात उकिडवं बसणंही जाईल. झेंडू काही उभ्यानं तोडता येत नाही.

"मंग शेवंतीत खुर्ची टाकून बसीन," तो म्हणाला.

मी चार अटी घातल्या. चाचणीपर्यंत एकही सामना खेळायचा नाही. मुरमाच्या मैदानावर सराव नाही. आठवड्यातून एक दिवस पूर्ण आराम. आणि सूज दिसली की त्याच दिवशी मला सांगायचं. त्यानं चारही अटींना मान हलवली. इतक्या पटकन मान हलवणाऱ्या पेशंटवर विश्वास ठेवायचा नसतो, हे तीस वर्षांच्या अनुभवानंतर तरी मला कळायला हवं होतं.

तो फुलं बाजारात टाकून सकाळी सातला दवाखान्यासमोर उभा असायचा. मी आठला उघडायची. शर्टाला झेंडूचा वास, हातांना हिरवे डाग. मी वीस सांगितले की साठ करून यायचा आणि ते अभिमानानं सांगायचा. मी म्हणायची, "वीसचा अर्थ वीस." तो म्हणायचा, "मॅडम, माह्याजवळ येळ कमी हाये." स्नायूला वाढायला काम जितकं लागतं तितकाच आराम लागतो, हे मी त्याला चित्र काढून दाखवलं. त्यानं चित्राचा मोबाइलवर फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा साठ.

वर माझ्या इतर पेशंटांवरही त्याची नजर. शेजारच्या खाटेवर ते तक्तावाले हेडमास्तर टॉवेल दाबत असले की हा पडल्या पडल्या ओरडायचा, "सर, बारा झाले. मी मोजून राह्यलो. तुमी वीस सांगून राह्यले." गोलकीपरचा आवाज, सगळा दवाखाना वळून पाहायचा. हेडमास्तर लाजेनं उरलेले आठ करायचे. दोन महिन्यांत त्यांचा गुडघा माझ्या एकतीस वर्षांतल्या कोणत्याही हेडमास्तरापेक्षा चांगला वाकायला लागला. हे मी नितीनला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं माझी खुर्चीच घेतली असती.

नोव्हेंबरअखेर मांड्यांचा फरक अर्ध्या सेंटिमीटरवर आला. डाव्या पायाची उडी उजव्याच्या जवळ पोचली. मी मनातून खूश होते, तोंडावर दाखवलं नाही. डिसेंबरात तो म्हणाला, बार्शीटाकळीला चुलतभावाचं लग्न आहे, दोन दिवस येणार नाही. मी म्हटलं, जा, तेवढाच गुडघ्याला आराम.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी अकोल्याकडचे एक कापूस व्यापारी कंबर दाखवायला आले. बोलता बोलता म्हणाले, "आमच्या बार्शीटाकळीच्या टुर्नामेंटले औंदा वलगावचा एक गोलकीपर आनला होता. केस गेलेले, म्हाताराच म्हना. पन काय उडते मॅडम."

मी त्यांच्या कंबरेवरचा हात काढला. "डाव्या गुडघ्यावर काळा पट्टा होता का?"

"होय. तुमाले कसं मालूम?"

तो पट्टा मीच दिला होता.

दुसऱ्या दिवशी सातला तो उभाच. चालताना लंगडणं लपवत होता. ज्यानं आयुष्यभर लंगडणारी माणसं पाहिलीत त्याच्यापासून ते लपत नसतं. खाटेवर झोपवलं, गुडघ्याच्या वाटीवर बोटानं टिचकी मारली. वाटी पाण्यावर तरंगल्यासारखी हलली. आत पाणी झालं होतं.

"लग्न कसं झालं?" मी विचारलं.

"चांगलं झालं मॅडम."

"लग्नात गोल किती खाल्ले?"

तो वर पंख्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "एकच."

राग आला की माझी पुस्तकी मराठी गळून पडते. "काहून गेला तू? चाचणीले पाच आठवडे राह्यले. सहा महिने मी झक मारून राह्यली का इथं?"

तो उठून बसला. "मॅडम, सामना खेळल्याबिगर मले कसं समजन, मी अजून गोलकीपर हाव का नाई. इथं तं मी पेशंटच हाव."

त्याचं खरं होतं, आणि म्हणूनच मला जास्त चीड आली. मी त्याला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस, दुसरा कोणी शोध. तो खाटेवरून उतरला. पट्टा काढला, घडी करून टेबलावर ठेवला आणि गेला.

तीन दिवस सात वाजता दारात कोणी नव्हतं. चौथ्या दिवशी त्याची बायको आली. मनीषा. मी तिला एकदाच पाहिलं होतं. मला वाटलं, नवऱ्यासाठी रदबदली करायला आली असणार, आणि मी उत्तर तयार ठेवलं. ती खुर्चीवर बसली, उजवा हात उचलायला गेली आणि खांद्यापर्यंत येऊन थांबली.

"मॅडम, माहा खांदा पाहा. वेनी घालता येऊन नाई राह्यली."

"कशानं झालं?"

"बॉल फेकून."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग तिनं सांगितलं. जूनपासून रोज संध्याकाळी, फुलं तोडून झाली की, वावराच्या टोकाला दोन बांबू रोवून मागे हिरवी जाळी बांधलेली, त्यात तो उभा राहायचा आणि ही चेंडू फेकायची. रोज शंभर. दिवसभर वाकून झेंडू तोडलेल्या खांद्यानं. म्हणजे माझ्याकडचे साठ वेगळे, हे शंभर वेगळे, आणि बार्शीटाकळी त्याहून वेगळी. मी डोक्याला हात लावला.

"मग तू त्याला थांबवत का नाहीस?"

"थांबलेलाच तं होता मॅडम," ती म्हणाली. "लगन झाल्यापासून मी थांबलेलाच मानूस पाह्यला. कामाले कमी नाई, पिनं नाई, भांडन नाई. पन टीव्हीवर फुटबॉल लागला का उठून बाहीर जाये. कोनाशी दोन शब्द बोलत नोता. आता बोलते. गुडघ्याचंच बोलते, सकाळ-संध्याकाळ गुडघाच. मले कंटाळा आला त्या गुडघ्याचा. पन बोलते तरी." "तुमी नका हाकलू त्याले. ट्रायल होऊ द्या, मंग मी सोता हाकलीन."

"उद्या सातला पाठव त्याला," मी म्हटलं.

तिचा खांदा तपासला. आतल्या स्नायूबंधाला सूज होती. वेळेवर आली होती, आखडून बसला नव्हता. भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढत हात वर न्यायचा, हा व्यायाम दिला. दिवसातून तीनदा, पंधरा वेळा. आणि फेकणं बंद. ती म्हणाली, "डाव्या हातानं फेकलं तं चालन?" मी म्हटलं, तुम्ही दोघं मला वेड लावणार आहात. पण चालेल.

एक सांगून ठेवते. एकतीस वर्षांत पंधरा म्हटल्यावर पंधराच करणारी, सोळावा नाही आणि चौदावर थांबणं नाही, अशी पेशंट मला एकच मिळाली, ती ही. चार आठवड्यांत हात डोक्यावर गेला. डाव्या हातानं फेकलेला तिचा चेंडू मात्र कुठंही जायचा, आणि त्यामुळेच आपला सराव चांगला झाला असं नितीन पुढं सांगत असे. अर्थात ती येऊन गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी सातला तो दारात होता. माफी मागितली नाही. फक्त म्हणाला, "मॅडम, आज वीसच करतो." आणि खरोखर वीसच केले. गुडघ्यातलं पाणी उतरायला तीन आठवडे लागले. एवढा वेळ आम्ही त्या एका लग्नापायी घालवला.

चाचणीच्या दिवशी मी अकोल्याला का गेले, हे मला कोणी विचारलं तर मी सांगते की माझं माहेर तिथलं, भावाकडे जायचंच होतं. आम्ही तिघं सकाळच्या एसटीनं निघालो. मनीषा खिडकीला डोकं टेकून झोपली होती. मी नितीनच्या गुडघ्याकडे पाहत होते. तो एकसारखा हलत होता.

मैदानावर पोट्ट्यांची ही रांग. सतरा, अठरा, वीस वर्षांची. नोंदणीच्या टेबलावरच्या तरुणानं नितीनकडे न पाहता सांगितलं, "कोच लोकांची नोंद पलीकडे आहे."

"मी खेळाले आलो," नितीन म्हणाला.

रांगेत मागे कोणीतरी हसलं. तरुणानं जन्मतारीख पाहिली, मग त्याच्याकडे पाहिलं, मग वैद्यकीय दाखला मागितला. मी रात्री बसून लिहिलेलं पानभर पत्र पुढं केलं. ऑपरेशन, मापं, उरलेला फरक, कोणत्या हालचालीत धोका. सगळं खरं लिहिलं होतं. त्यानं पहिल्या दोन ओळी वाचल्या.

"मॅडम, एवढं कोण वाचणार. फिट की अनफिट, एवढंच लिहून द्या इथं."

फॉर्मवरच्या त्या चौकोनात एक शब्द मावेल एवढीच जागा होती. आजवर मी ‘पण’ लिहिल्याशिवाय अशा कागदावर सही केली नव्हती. नितीन माझ्याकडे पाहत नव्हता. मैदानाकडे पाहत होता. मनीषा माझ्याकडे पाहत होती. माझ्या डोळ्यांसमोर शेवंतीतली ती खुर्ची आली. मी ‘फिट’ लिहिलं, सही केली, आणि पेन त्या मुलाच्या हातात जरा जोरातच दिलं.

त्याला दुपारी चारपर्यंत बसवून ठेवलं. बाकीचे गोलकीपर दोन-दोन वेळा खेळून झाले. मी तीनदा उठून टेबलापाशी गेले. तिन्ही वेळा "होईल मॅडम" असं उत्तर मिळालं. सहा तास बसलेला गुडघा थंड होतो, ताठरतो, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मला पाणी दिलं. शेवटी, अर्धी मंडळी घरी गेल्यावर, शेवटच्या सामन्यात त्याला पंचवीस मिनिटं मिळाली.

त्या पंचवीस मिनिटांत मी चेंडू पाहिलाच नाही. मी डावा गुडघा पाहत होते. तो उडाला की मी श्वास धरायची, उतरला की सोडायची. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहतो की आत वळतो, एवढंच. पाच वेळा उतरला, पाचही वेळा रेषेत. मनीषा बाजूला उभी राहून सांगत होती, "अडवला. हाही अडवला. हा गेला मॅडम, गोल झाला." आणि सगळा वेळ त्याचा आवाज चालू होता. त्याच्यासमोरची बचाव करणारी पोरं अकोल्याचीच होती, एकमेकांना न ओळखणारी. तो मागून ओरडत होता, "ए पाच नंबर, डाव्या आंगाले सरक. त्याले मोकळा काहून सोडला. उभा राय, उभा राय, आता जाय." दहा मिनिटांत ती पोरं एका संघातली असल्यासारखी सरकायला लागली.

क्लबचा गोलकीपरांचा कोच माझ्यापासून चार हातांवर उभा होता. बाहेरच्या राज्यातला माणूस, दिवसभर कंटाळून गेलेला. त्यानं पहिल्यांदाच वहीतून डोकं वर काढलं आणि शेजारच्याला म्हणाला, "ये बात करता है. बाकी सब गूंगे थे."

नऊ दिवसांनी त्याला नागपूरच्या शिबिराचं बोलावणं आलं. हे मला चौदाव्या दिवशी कळलं. "सांगाचं राह्यलं मॅडम, फुलाची गर्दी होती." मी फोन ठेवून दिला. महिन्याभराच्या शिबिरानंतर क्लबनं त्याला एका सीझनसाठी घेतलं. तिसरा गोलकीपर म्हणून. म्हणजे पहिले दोघं धड असेपर्यंत बाकावर बसायचं, आणि त्या दोन पोरांना रोज सकाळी सराव द्यायचा.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला ताटकळायला नको. त्या एका सीझननंतर क्लबनं त्याला ठेवलं नाही. तो वलगावला परत आला, मनीषानं वर्षभर एकटीनं सांभाळलेल्या वावरात पुन्हा उतरला, आणि आता रविवारी चांदूर बाजारला जाऊन पोरांना गोलात उभं राहायला शिकवतो. तिनं त्याला अजून हाकललेलं नाही. पण त्या सीझनमध्ये तो एकदा खेळला, आणि तो सामना मी पाहिला.

दवाखाना तोवर मी बंद केला होता. दुपारी चारच्या सुमारास मनीषा माझ्या घरी आली. बाजारातूनच सरळ, फुलांचे कॅरेट ऑटोतच ठेवून. "मॅडम, तुमच्याइथं नेट चांगलं हाये ना? पहिला बिमार हाये अन् आज दुसरा खेळून राह्यला. हा बाकावर बसला. दिसन तं दिसन."

आम्ही मोबाइल डब्याला टेकवून बसलो. सामना बरोबरीत होता. शेवटची पंचवीस मिनिटं उरली असताना त्या दुसऱ्या गोलकीपरनं गोलासमोर समोरच्याला पाडलं. लाल कार्ड, आणि पेनल्टी. नितीन बाकावरून उठला. पाच महिने बसून असलेला माणूस, अंग गरम करायला दोन मिनिटंही नाहीत, आणि पहिलाच चेंडू पेनल्टीचा. समालोचकानं त्याचं आडनाव चुकीचं घेतलं. मनीषा मोबाइलला म्हणाली, "भुयार हाये ते, भुयार." समोरच्या खेळाडूनं चेंडू ठेवला, मागे गेला, आणि माझं चांगलं नेट अडकलं.

चित्र गोल गोल फिरत राहिलं. मी मोबाइल उचलून खिडकीपाशी नेला, परत आणला. ती म्हणाली, "हलवू नका मॅडम, हलवल्यानं नाई येत." ते परत आलं तेव्हा गोल झालेला होता.

आम्ही मोबाइल पुन्हा डब्याला टेकवला. उरलेली मिनिटं पाहिली. त्यानं नंतर तीन चेंडू अडवले, एक अगदी वरच्या कोपऱ्यातला. त्या उडीनंतर तो डाव्या पायावर उतरला आणि मला काही दिसायच्या आत उठून ओरडायला लागला होता. आवाज मोबाइलमधून ऐकू येत नव्हता, पण हात कुठं दाखवत होता ते मला कळत होतं. संघ एका गोलानं हरला.

सव्वा तासानं त्याचा फोन आला. मनीषाला नाही, मला.

"मॅडम, पाह्यलं का? मी आंदीच पडलो. त्यानं पाय टेकवाच्या आंदी मी उजव्या आंगाले निंगालो. जरासा थांबलो असतो तं हाताले लागत होता."

"तू पाच महिने बसून होतास," मी म्हटलं. "अंग गरम नव्हतं. पेनल्टी कोणाला अडवता येते."

"येते. मले येते. मी घाई केली. उद्या सकाळी सातले कोचले म्हनतो, पन्नास पेनल्टी मारा." त्याचा आवाज चांगलाच तापलेला होता. मागे पोरांचा गलका, कोणीतरी बस लागल्याचं ओरडत होतं.

"बरं, ते राहू दे," मी म्हटलं. "गुडघा कसा आहे?"

"कोनता?" तो म्हणाला, आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता पुन्हा पेनल्टीवर गेला.